जपानी गिटार विकणे आहे

"पयले खोट आयका, मंग भाव."

दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मिस्त्री हे वाक्य ऐकवायचे. ऐकवताना उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून समोरच्या वस्तूवर दोनदा टकटक करायचे आणि कान पुढे न्यायचे. वस्तू कोणतीही चालायची. हार्मोनियम, तबल्याचं खोड, दुकानाचं दार, माझी रंगवायला घेतलेली पाटी, बाजारातलं टरबूज. एकदा तर माझ्या देखत त्यांनी तहसीलदार साहेबांच्या टेबलावर टकटक केली आणि "आतून किडलं हाये" असं सांगून टाकलं. मिस्त्रींचा अर्ज पुढे दोन महिने हलला नाही, पण टेबल मात्र चार दिवसांत बदललं.

मलकापूरला स्टेशनकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची दुकानं समोरासमोर होती. मी पेंटर. पाट्या रंगवायचो. महाराष्ट्र नवा नवा झाला होता आणि जिकडे तिकडे सरकारी कचेऱ्यांवरची जुनी नावं पुसून नवी लिहायची होती, त्यामुळे माझ्या ब्रशाला उसंत नव्हती. मिस्त्रींचं काम पेट्या दुरुस्त करण्याचं. पेटी म्हणजे हार्मोनियम, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. जिल्ह्यातली भजनी मंडळं बैलगाडीत, एस.टी.च्या टपावर, क्वचित डोक्यावर पेट्या घेऊन यायची. कुणाचा भाता फाटलेला, कुणाचे सूर उंदरांनी खाल्लेले. जुनी वाद्यं लोक त्यांच्याकडे विकायलाही ठेवत. विकताना मिस्त्री आधी त्या वाद्याची सगळी खोट सांगत. गिऱ्हाईक पार हिरमुसलं, की मग भाव सांगत. अशा रीतीनं धंदा करून माणूस जगतो कसा, हे कोडं मला त्यांच्या समोर वीस वर्षं बसूनही उलगडलं नाही. पण त्यांच्याकडून घेतलेलं वाद्य परत आलेलं मी कधी पाहिलं नाही.

त्यांना एकच मुलगी. तिचं लग्न त्यांनी मुंबईच्या मुलाशी केलं. मुलगा मूळचा नांदुऱ्याकडचा, मुंबईला गोदीत फिटर होता. शांत, नीटनेटका, बोलायला कमी. संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात वाद्य वाजवतो, एवढं कळल्याबरोबर मिस्त्रींनी पत्रिका बघायचीसुद्धा गरज नाही असं जाहीर केलं होतं. पत्रिका काकूंनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोनं, गुपचूप पाहून घेतली.

लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना आला. धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. काकू पंधरा दिवस आधीपासून तांदूळ भिजवत होत्या. जावई मुलीला घेऊन आले आणि येताना एक लांबट काळी पेटी घेऊन आले. टांग्यातून ती उतरवताना त्यांनी टांगेवाल्याला हात लावू दिला नाही. आतून निघाली गिटार.

तशी वस्तू मलकापुरानं तोवर पाहिली नव्हती. मधे पिवळी, कडेकडेनं तांबडी होत काळी झालेली, पिकलेल्या बोराच्या रंगाची. मी रंगाचा माणूस. दोन रंगांची हद्द कुठे संपते ते शोधत मी बराच वेळ उभा राहिलो आणि मला ती सापडली नाही. पोटावर व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार छिद्रं होती. तारांखाली दोन चकचकीत डब्या होत्या. गोदीत लागलेल्या एका जपानी बोटीवरच्या खलाशाकडून जावयांनी ती घेतली होती. त्यासाठी दोन वर्षं त्यांनी सिनेमा पाहिला नव्हता, असं मुलीनं काकूंना सांगितलं आणि काकूंनी सगळ्या गल्लीला.

त्या संध्याकाळी ओट्यावर गल्ली जमली. जावयांनी तारा छेडल्या. आवाज आला, पण इतका बारीक की पुढच्या रांगेतल्यांनाच ऐकू गेला. ही विजेवर चालणारी गिटार आहे, हिला मशीन लागतं, असं जावई सांगत होते. पण ऐकायला कुणी तयार नव्हतं. "जावयाचं वाद्य मुकं हाये बाप्पा!" असं कुणीतरी मागून ओरडलं आणि सगळे हसले. जावईही हसले. हसले नाहीत ते एकटे मिस्त्री. त्यांनी पुढे होऊन गिटारीच्या पाठीवर दोनदा टकटक केली, कान लावला, आणि त्यांचा चेहरा मी चांगला ओळखतो, त्यांना खोट सापडली होती.

दुसऱ्या दिवशी जावई आणि मुलगी सकाळच्या पॅसेंजरनं शेगावला दर्शनाला गेले. दुपारी मी चहाला म्हणून समोर गेलो, तर गिटार पालथी पडलेली आणि तिची पाठ उघडी. मिस्त्रींनी पातळ सुरी गरम करून, कडेकडेनं फिरवून, एक ढलपी न उडवता ती पाठ सोडवली होती. हातात त्यांच्या सफाई होती, त्याबद्दल वादच नाही.

"हे पाह्य," ते म्हणाले. आत मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाकडाचा एक लांब ठोकळा होता. दोन्ही बाजूंना पोकळ, मधे भरीव.

"मंग आवाज येईन कुठून? तंबोऱ्याच्या भोपळ्यात कोणी लाकूड भरून ठेवते काय? त्या जपानी सुतारानं आळस केला. कोरता कोरता जेवाले गेला अन् इसरला."

"मिस्त्री, जावयांना विचारलं का?"

"इचारून कोणी वाण देते? त्यायले पाटावर बसवीन अन् हातात ठेवीन. तेहेतीस अनारसे अन् चौतीसावा आवाज."

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. आमच्या डोळ्यांसमोर जी वाद्यं होती ती सगळी पोकळ होती. वाद्य जितकं पोकळ तितका आवाज मोठा, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. मिस्त्रींनी पटाशी लावली आणि संध्याकाळपर्यंत तो ठोकळा तुकड्या-तुकड्यानं बाहेर काढला. लाकूड पांढरं, चिवट, सुरेख होतं. टाकून द्यायला त्यांचा जीव होईना. दुसरबीडच्या भजनी मंडळाची पेटी दुरुस्तीला आलेली होती, तिच्या चार पट्ट्या मोडल्या होत्या. त्या चार पट्ट्या मिस्त्रींनी या जपानी लाकडाच्या केल्या. बाकीच्या ढलप्या काकूंच्या चुलीत गेल्या.

जावयाला पाटावर बसवलं, ओवाळलं, अनारशांचं ताट दिलं आणि गिटार हातात ठेवली. "जावईबापू, खोट काढली." जावयांनी तारा छेडल्या. आवाज खरंच थोडा मोठा झाला होता. ते जरा गोंधळल्यासारखे दिसले, पण सासऱ्याचा आनंद पाहून गप्प बसले. पाठ पुन्हा इतकी नीट चिकटवलेली होती, की आत काय झालं आहे ते त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

कळलं ते तीन दिवसांनी. मारुतीच्या देवळात अधिक महिन्याचा सप्ताह होता, त्याची त्या दिवशी सांगता होती. लाऊडस्पीकर लावलेला होता. कुणीतरी म्हणालं, मिस्त्रींच्या जावयाला मशीन पाहिजे होतं ना, हे घ्या मशीन. जावयांनी वायर जोडली. मोठ्या हौसेनं एका भजनाची चाल सुरू केली, आणि गिटार किंचाळली. कर्ण्यातून असा कुईंकार निघाला, की कीर्तनकार बुवांनी टाळ टाकून कानात बोटं घातली. जावयांनी तारांवर हात ठेवला तरी ती थांबेना. बायका हसायला लागल्या, मग पुरुष हसले. वायर ओढून काढली तेव्हा कुठे ती गप्प झाली. जावयांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला लांबून दिसत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी बॅटरी घेऊन त्या वळणदार छिद्रातून आत पाहिलं.

"मामाजी, आतला ठोकळा कुठे आहे?"

"काढला!" मिस्त्री अजून अभिमानातच होते. "त्याच्यानंच तं आवाज दबत होता."

"तो ओरडू नये म्हणून असतो, मामाजी. कर्ण्याचा आवाज पोकळीत शिरतो आणि पुन्हा तारांतून बाहेर येतो. तो अडवायला असतो तो."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. ठोकळ्याचं पुढे काय झालं ते विचारलं, आणि चुलीचं व दुसरबीडचं ऐकून घेतलं. मग गिटार काळ्या पेटीत ठेवून पेटी मिस्त्रींच्या पुढे सरकवली. "विकून टाका. येईल त्या भावात." दुसऱ्या दिवशी दोघं मुंबईच्या गाडीनं गेले. ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी. मुलगी टांग्यात बसून डोळ्यांना पदर लावत होती आणि मिस्त्री टांग्याच्या दांडीवर उगाचच टकटक करत उभे होते.

"जावाई म्हंजे काय पेटी हाये," काकू आतून म्हणाल्या, "पाठ उघडून पाहाले?"

विकून टाका, हा जावयाचा शब्द. दुसऱ्याच दिवशी मिस्त्री माझ्याकडे पाटी रंगवायला आले. मी लिहिलं : 'जपानी गिटार विकणे आहे.' अक्षर चांगलं उतरलं होतं. खाली किंमत लिहू का, असं विचारलं, तर म्हणाले, "पयले खोट लिव्ह."

"पाटीवर?"

"मंग कुठी लिवतं? लोकायनं पाटी वाचूनच याव."

मी आयुष्यात शेकडो पाट्या लिहिल्या. शुद्ध तूप लिहिलं, उत्तम सोय लिहिलं, खात्रीचे दुकान लिहिलं. जिथे जिथे लिहिलं तिथे काय होतं ते मला माहीत आहे. पण खोट लिहिण्याचं काम ते पहिलंच. 'खोट : पाठ उघडलेली आहे. आतला ठोकळा काढलेला आहे. कर्ण्याला लावल्यास ओरडते.' रस्त्यानं जाणारे थांबून वाचायचे आणि हसत माझ्याकडे यायचे. हॉटेलवाल्यानं मला विचारलं, माझ्या पाटीवर 'चहा पातळ आहे' लिहायचं काय घेशील?

गिटार खुंटीवर, पाटी तिच्याखाली. दिवस जाऊ लागले. मुलीची पत्रं यायची, दोन-दोन ओळींची, खुशाली कळवणारी. मिस्त्री ती माझ्याकडून वाचून घ्यायचे, कारण डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. मुलगी दिवाळीला आली नाही. पुढे तिला दिवस गेल्याचं पत्र आलं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. काकूंनी डिंक आणला, मेथ्या आणल्या, खोली सारवून घेतली. पत्र आलं, ते मुंबईलाच मुलगी झाल्याचं. दोघी सुखरूप. डिंकाचे लाडू काकूंनी पार्सलनं पाठवले. त्या दिवशी मिस्त्रींनी दुकान उघडलं नाही.

मग ते ठोकळ्याच्या मागे लागले. लाऊडस्पीकरवाल्याला दुकानात बसवून घेतलं, त्याच्या मशीनला गिटार जोडली, ती पुन्हा पुन्हा किंचाळवली. रस्त्यावरचे बैल बिथरायचे. पाठ उघडून त्यांनी बाभळीचा ठोकळा घातला. मी पाटीवर 'ठोकळा काढलेला आहे' पुसून 'बाभळीचा ठोकळा आहे, वजन फार' असं लिहिलं. मग बाभूळ काढून आंबा घातला. आंब्यानं आवाज मातीत घातला. पाटी पुन्हा पुसली. शेवटी एका जुन्या जिनिंग फॅक्टरीच्या चौकटीचं सागवान मिळालं. ते बसलं. किंचाळणं जवळजवळ थांबलं. पण मिस्त्रींचं समाधान होईना.

एके दिवशी ते एस.टी.त बसून दुसरबीडला गेले. मलकापूरहून दुसरबीड म्हणजे सिंदखेडराजाच्या तालुक्यात, जिल्ह्याचं दुसरं टोक. गेले ते चार नव्या पट्ट्या घेऊन, आणि परत मागितल्या जुन्या चार. भजनी मंडळ तयार होईना. त्या पट्ट्या घातल्यापासून पेटी गोड वाजते, असं त्यांचं ठाम मत. पट्टीला सूर नसतो, सूर आतल्या पितळेत असतो, हे मिस्त्रींनी त्यांना परोपरीनं सांगितलं. मंडळाचे म्हातारे बुवा म्हणाले, "आसंल बी. पण आमाला गोड लागतंय त्याचं काय?" शेवटी मिस्त्रींनी जावयाची सगळी हकिकत सांगितली. तेव्हा बुवांनी स्वतः स्क्रू काढून चार पट्ट्या त्यांच्या हातात ठेवल्या, आणि बदल्यात मिस्त्रींना रात्रभर भजनाला बसवून घेतलं.

त्या चार पट्ट्या त्यांनी सागवानी ठोकळ्याच्या मधोमध खाचा करून बसवल्या. "त्याचं होतं तेवढं त्याले," म्हणाले. मशीन जोडलं. गिटार आता ओरडत नव्हती. एकदाही नाही. मी पाटीवरचं 'ओरडते' पुसलं आणि 'सागवानी ठोकळा, त्यात जुन्या लाकडाच्या चार पट्ट्या' असं लिहिलं.

दरम्यान दुसरा अधिक महिना येऊन गेला होता. आमंत्रणाचं पत्र मीच लिहिलं होतं, मिस्त्रींनी सांगितलं तसं. चिरंजीव, अखंडित लक्ष्मी अलंकृत वगैरे सगळं साग्रसंगीत आणि शेवटी, 'जे केले ते तुमच्या भल्यासाठीच केले होते.' उत्तर आलं, रजा नाही. काकूंनी अनारशांचं पीठ केलेलं होतं. ते अनारसे गल्लीनं खाल्ले आणि मीही खाल्ले, पण मला ते गोड लागले नाहीत.

पुढच्या खेपेचा अधिक महिना जवळ आला, तेव्हाची गोष्ट. खामगावकडचा एक ऑर्केस्ट्रावाला दुकानात आला. वाजवणारा नव्हता, मालक होता. भरजरी शर्ट, बोटात अंगठ्या. त्यानं पाटी वाचली, हसला, सगळ्या खोटी ऐकून घेतल्या. लाऊडस्पीकरवाल्याला बोलावलं, बरोबरच्या माणसाला वाजवायला लावलं. गिटार अशी वाजली, की माझा ब्रश हातातच राहिला. "घेतली," तो म्हणाला. "भाव सांगा."

 मिस्त्रींनी गिटार हातात घेतली. वाकड्या बोटानं तिच्या मानेवर, म्हणजे तारा जिथून जातात त्या लांब दांडीवर, दोनदा टकटक केली.

"एक खोट राह्यली सांगाची," ते हळूच म्हणाले. "मान वाकडी हाये. सहा महिन्यांत तारा टेकतीन. बाद होईन."

ऑर्केस्ट्रावाला चरफडत निघून गेला. आधी सांगायचं होतं, दुपार फुकट घालवली, असं बरंच काही बोलून गेला.

थोड्या वेळानं मिस्त्री रस्ता ओलांडून माझ्याकडे आले आणि स्टुलावर बसले. त्यांना चालताना धाप लागल्याचं मला पहिल्यांदाच जाणवलं.

"पेंटर, मान वाकडी नाई ते. सूत लावून पाह्यली हाये म्या. आज नसलेली खोट सांगतली."

चाळीस वर्षांच्या धंद्यात असलेली खोट झाकली नाही म्हणून हा माणूस पंचक्रोशीत प्रसिद्ध. नसलेली खोट सांगणं हाही खोटेपणाच, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. 

"विकायची नाही तर पाटी कशाला लावली?" मी म्हणालो.

"जावयाचा शब्द हाये, इका म्हणून."

"मग विकून टाकायची होती."

"इकली तं जावाई काऊन येईन, बे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदूनं डोळे गढूळ झाले होते. "त्याचं माह्यापाशी दुसरं काय हाये? नात पटपट बोलाले लागली म्हणते. म्या पाह्यली नाई तिले."

मला राग आला. कुणाचा ते आजही सांगता येणार नाही. पण बोललो मी मिस्त्रींनाच. "पाटीवर पहिल्यांदा खोट लिहायला लावता, मिस्त्री, आणि जावयाला पत्र लिहिताना शेवटीसुद्धा नाही. भल्यासाठी केलं म्हणे! तुमची खोट कधी सांगितलीत त्यांना?"

ते उठून गेले. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचा जावई, त्यांचं घर. मी कोण लागून गेलो होतो मधे पडणारा? मी स्वतःलाच शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी सकाळी ते आले आणि म्हणाले, "पोष्टाचं कार्ड हाये काय?"

"अंतर्देशीय आहे. आत मजकूर झाकला जातो."

"झाकाचा कायले? कार्ड आण."

मी कार्ड आणलं. त्यांनी डोळे मिटून सांगितलं आणि मी लिहिलं. चिरंजीव नाही, अलंकृत नाही. 'पहिल्यांदा खोट ऐका. खोट वाद्यात नव्हती, माझ्या अकलेत होती. तुम्हाला न विचारता तुमची वस्तू उघडली. देवळात लोक तुम्हाला हसले, हसायला पाहिजे होतं ते मला. ठोकळा परत बसवला आहे. त्यात तुमच्या लाकडाच्या चार पट्ट्या आहेत. बाकीचं लाकूड जळालं, ते मला परत करता येत नाही. आता वाद्य ओरडत नाही. अधिक महिना लागतो आहे.' खाली सही त्यांनी स्वतः केली, अंदाजानं, कार्डाच्या काठावरून उतरणारी. माझ्या हातून चांगल्या अक्षराचा मोह सुटत नाही. पण त्या दिवशी मी अक्षर सजवलं नाही.

उत्तर आलं नाही. महिना लागला. काकू तांदूळ भिजवावेत की नाही, म्हणून दोन दिवस घुटमळल्या आणि तिसऱ्या दिवशी भिजवून मोकळ्या झाल्या. एकादशीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, स्टेशनकडून एक टांगा आला आणि माझ्या व त्यांच्या दुकानाच्या मधे उभा राहिला. आधी एक चिमुकली मुलगी उतरली. उतरून थेट दुकानाच्या फळीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी फळी बडवायला लागली. मिस्त्री आत काम करत होते. त्यांनी मान वर केली, कान दिला, आणि तसेच हातातला भाता टाकून बाहेर आले. त्या वेळी त्यांना किती दिसत होतं देव जाणे. पण नातीला त्यांनी बरोबर उचललं.

जेवणं झाली. जावयांना पाटावर बसवलं, वाण दिलं. मला मुद्दाम बोलावणं होतं. लाऊडस्पीकरवाला न बोलावता मशीन घेऊन हजर झाला होता. जावयांनी बॅटरी मागितली, छिद्रातून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. त्या चार पांढऱ्या पट्ट्या सागवानात उठून दिसत असणार. मग वायर जोडली आणि तीच देवळातली भजनाची चाल वाजवली, अगदी हलक्या हातानं. गिटार ओरडली नाही. मिस्त्री भिंतीला टेकून मान खाली घालून ऐकत होते. मिस्त्रींची मुलगी काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि तिला कुणी गप्प करत नव्हतं.

वाजवून झाल्यावर जावयांनी विचारलं, "इतकी वर्षं कुणी गिऱ्हाईक आलं नाही?"

"आलं होतं." मिस्त्रींनी मान वर केली नाही. "म्या त्याले सांगतलं, मान वाकडी हाये. नव्हती वाकडी. खोटं बोललो, जावईबापू. तुमचा शब्द मोडला अन् माहा बी."

 काकूंचा हात अनारशांच्या ताटावर थांबला. जावयांनी गिटार उचलली, बंदूक खांद्याला लावतात तशी डोळ्याजवळ आणली आणि एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सावकाश.

"आहे की थोडी वाकडी," ते म्हणाले. "तुम्ही खरंच बोललात, मामाजी."

मिस्त्रींनी हात पुढे केला. जावयांनी गिटार त्यांच्या हातात दिली. मिस्त्रींनी अंगठा त्या मानेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला, आणि म्हणाले, "हाव. हाये."

"वाकडी मान असलेली कोण घेणार?" जावई म्हणाले. "राहू द्या इथेच. मी येत जाईन वाजवायला."

नंतर सगळे आत गेल्यावर मी ती गिटार उचलून डोळ्याला लावली. मी पेंटर आहे. जन्मभर सूत आखून त्यावर अक्षरं बसवली. सरळ रेघ मला हजारांत ओळखू येते. ती मान सुतासारखी सरळ होती. आणि माझ्या डोळ्यांना जे दिसलं ते मिस्त्रींच्या अंगठ्याला कळलं नसेल, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

बाहेर आलो तर मिस्त्री पाटीवर टकटक करत उभे होते. "लिव्ह, पेंटर. खाली जागा हाये. मान वाकडी." मी लिहिलं.

जावई येत राहिले. अधिक महिना असो की नसो, वर्षातून दोनदा, कधी तीनदा. आले की संध्याकाळी ओट्यावर गिटार वाजायची आणि मिस्त्री नातीला मांडीवर घेऊन बसायचे. खालची पाटी मात्र त्यांनी काढू दिली नाही. जावयाचा शब्द तो, म्हणायचे. पुढे त्यांचे डोळे पूर्ण गेले तरी ते हातानं पेट्या दुरुस्त करत राहिले, आणि खोट आधी सांगत राहिले. मला एकदा म्हणाले, "पेंटर, लय दिवस जगलो. आता आतून आवाज बरोबर येऊन नाई राह्यला." बोट वाकवून त्यांनी स्वतःच्याच छातीवर दोनदा टकटक केली होती. त्या वर्षीच्या थंडीत ते गेले.

तेराव्यानंतर जावई गिटार घेऊन जायला निघाले. काळी पेटी टांग्यात ठेवली, बायकोला, मुलीला आणि काकूंना बसवलं. मग रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. हातात ती पाटी होती. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि बोट वाकवून तिच्यावर दोनदा टकटक केली.

समोर आता मोबाइलचं दुकान आहे. माझं दुकानही नावापुरतंच उरलं आहे; पाट्या आता छापून येतात. ती पाटी माझ्या टेबलामागच्या भिंतीवर आहे. उन्हानं वरच्या ओळी जवळजवळ उडाल्या. जपानी गिटार, पाठ, ठोकळा, सगळं फिकट झालं आणि मी ते फिकट होऊ दिलं. शेवटची ओळ तेवढी दर दिवाळीला ताज्या रंगानं गिरवतो. त्या पाटीवर तेवढंच एक खोटं आहे.